बाटलीबंद पाणी: जास्त पैसे नक्की कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा होता. दोन बाटल्या घेतल्या, एक साधी स्वस्तातली आणि दुसरी तिच्या पाच-सहा पट किमतीची, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी असं लिहिलेली. दोन्हींत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारं छोटं यंत्र) बुडवला तर स्वस्तातली ४० दाखवते आणि महागातली ३४०. मग महागाचं पाणी खराब का, आपण फसलो का, आणि दोन ब्रँडची तुलना करायची तर नक्की कशावर करायची.

आधी बाटली भरण्याच्या प्लांटमध्ये क्वालिटीला होतो, नंतर पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आलो आणि अजून तिथेच आहे, त्यामुळे हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर असं की निव्वळ या दोन आकड्यांवरून दोन्हींतलं एकही पाणी खराब ठरत नाही. मीटरने तुम्हाला भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय.

हा मीटर मोजतो पाण्यातून वीज किती वाहते ते, त्याला ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या ठराविक गुणकाने गुणतो आणि स्क्रीनवर टीडीएस म्हणून दाखवतो. म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा एक ढोबळ अंदाज, बस. ते क्षार कुठले हे त्याला कळत नाही. बांधलेली पिशवी वजनकाट्यावर ठेवून आत बटाटे आहेत की दगड हे ओळखायला सांगण्यासारखं आहे ते. आर्सेनिकचं बघा, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. तुमच्या मीटरवरचा शेवटचा आकडा १ मिलिग्रॅमचा. पाण्यात मर्यादेच्या शंभर पट आर्सेनिक असलं तरी मीटर ४० चा फारतर ४१ करेल आणि तुम्ही म्हणाल वा, काय छान पाणी. जंतू आणि कीटकनाशकं तर त्याला दिसतच नाहीत. आणि उलट बाजूने, ३४० हा आकडा अजिबात घाबरण्यासारखा नाही, त्याच संघटनेचं म्हणणं आहे की ६०० च्या आत चव साधारण चांगली लागते आणि १००० च्या वर गेलं की पाण्याची चव नकोशी वाटायला लागते. हे चवीबद्दल आहे हां, टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने घातलेली मर्यादा त्यांनी ठेवलेलीच नाही. अमेरिकेत तर २५० पेक्षा कमी टीडीएस असेल तर त्या पाण्याला मिनरल वॉटर म्हणून विकताच येत नाही. तेव्हा कमी टीडीएस म्हणजे शुद्ध हे डोक्यातून काढून टाका. मीटर फेकायची गरज नाही, आरओचा मेंब्रेन फाटलाय का हे बघायला तो उत्तम आहे, कारण कालपर्यंत ३० येणारं पाणी आज १५० आलं तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

आता बाटलीत असतं काय. जगभर मोठे प्रकार दोनच धरा. एक म्हणजे प्रक्रिया केलेलं पाणी, कुठलंही पाणी घ्यायचं, नळाचं किंवा बोअरचं, कार्बन फिल्टर, आरओ, यूव्ही, ओझोन यातून काढायचं, थोडे क्षार परत घालायचे आणि भरायचं. दुसरं नैसर्गिक मिनरल वॉटर, ते एका ठराविक भूगर्भातल्या स्रोताचंच असावं लागतं, तिथेच भरावं लागतं, आणि युरोपात त्यावर निर्जंतुकीकरण करायला परवानगी नाही, लोह-मँगनीज काढणं वगैरे मोजक्या गोष्टी चालतात. स्प्रिंग वॉटर यांच्या मधलं, झऱ्याचं खरं पण नियम थोडे सैल. कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचं, मिनरल वॉटरसाठी वेगळं मानक आहे आणि बाकी बाटलीबंद पाण्यासाठी वेगळं.

यातलं महाग कुठलं ते सांगायला नको. पण जास्त सुरक्षित कुठलं, तर याचं उत्तर प्रकारावरून किंवा किमतीवरून देता येत नाही. सुरक्षितता ही पास-नापासची गोष्ट आहे. पाणी मानकात बसतं किंवा बसत नाही, आणि पाच पट किंमत मोजून पाच पट पास होता येत नाही. नापास होण्याचं म्हणाल तर दोन्ही प्रकारांनी आपापल्या पद्धतीने करून दाखवलंय. १९९० मध्ये पेरिए या फ्रेंच मिनरल वॉटरमध्ये बेंझीन हे घातक रसायन सापडलं, जगभरातून १६ कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या. कारण काय तर स्रोतातल्या वायूत मुळातच असलेलं बेंझीन काढणारे फिल्टर वेळेवर बदलले नव्हते. २००४ मध्ये कोका-कोलाने ब्रिटनमध्ये दसानी हे बाटलीबंद पाणी आणलं, आधी बोंब झाली की हे तर नळाचंच पाणी आहे, आणि मग त्याहून वाईट म्हणजे त्यात ब्रोमेट हे घातक रसायन निघालं, मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आणि काही बाटल्यांत २२ पर्यंत, पाचेक लाख बाटल्या मागे घेतल्या. ही केस मी नवीन पोरांना नेहमी सांगतो, कारण नळाचं पाणी मुळात ठीक होतं. ते अतिशुद्ध केलं, मग कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड घातलं, त्यात ब्रोमाइड होतं, आणि वरून ओझोन सोडला तेव्हा त्या ब्रोमाइडचं ब्रोमेट झालं. जास्तीच्या प्रक्रियेनेच पाणी बिघडवलं.

तिसरी गोष्ट अलीकडची, जानेवारी २०२४ ची. नेस्लेने मान्य केलं की फ्रान्समधल्या त्यांच्या काही मिनरल वॉटरवर यूव्ही आणि कार्बन फिल्टर वापरले गेले होते, जे नियमात बसत नाही. आता कुणी म्हणेल फिल्टर केलं तर बरंच झालं की. हो, पण मग लोक जे जास्तीचे पैसे देत होते ते प्रक्रिया न केलेल्या पाण्यासाठी देत होते ना, तेच तर विकलं जात होतं. महाग बाटलीत तुम्ही मूळ आणि कहाणी विकत घेता, आणि ती खरी आहे का हे घरी बसून तपासायचा काही मार्ग नाही.

पण लेबलवरच्या आकड्यांची थोडी झाडाझडती घरी घेता येते, आणि ही मला स्वतःला आवडणारी गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. एव्हियाँ या फ्रेंच मिनरल वॉटरचं लेबल घ्या, लिटरला साधारण कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २६, सोडियम ६.५, पोटॅशियम १, बायकार्बोनेट ३६०, सल्फेट १४, क्लोराइड १०, नायट्रेट ३.८, सिलिका १५, सगळं मिलिग्रॅममध्ये, आणि १८० अंशाला सुकवल्यावर उरणारा अवशेष ३४५ (वर्षागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात). आता पाण्यात धन आणि ऋण भार सारखेच असायला हवेत, नाहीतर बाटलीला हात लावल्यावर शॉक बसेल. म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या तुल्यभाराने (अणू-रेणूचं वजन भागिले त्यावरचा विद्युतभार) भागायचा, कॅल्शियम २० ने, मॅग्नेशियम १२.१५ ने, सोडियम २३ ने, पोटॅशियम ३९ ने, तिकडे बायकार्बोनेट ६१ ने, सल्फेट ४८ ने, क्लोराइड ३५.५ ने आणि नायट्रेट ६२ ने. धन बाजू येते ६.४ आणि ऋण बाजू ६.५. जुळलं. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर कुठलीही लॅब म्हणेल विश्लेषण ठीक आहे. काही बाटल्यांवर हे दोन आकडे एकमेकांच्या आसपासही नसतात, तेव्हा समजायचं की कुणीतरी आकडे दुसरीकडून उचललेत किंवा अर्धेच छापलेत.

अजून एक गंमत, हे सगळे आकडे बेरीज केले तर ५१६ येतात आणि अवशेष लिहिलाय ३४५, मग मधले १७० गेले कुठे. तर पाणी आटवून सुकवताना बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि त्याचं जवळपास अर्धं वजन कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातं. ३६० चे अर्धे १८०, हिशेब साधारण लागतो. लॅबमध्ये ती आटवलेली चिनीमातीची वाटी ओव्हनमधून काढली की तळाशी पांढरा पापुद्रा दिसतो, लोक तो बघून ईई करतात, पण तो बहुतेक चुना आणि मॅग्नेशियमचा कार्बोनेट असतो, त्यात घाण म्हणावं असं काही नाही.

तर पैसे जास्त द्यायचेच असतील तर ते या खनिजांच्या आकड्यांकडे बघून द्या, शुद्धतेसाठी म्हणून देऊ नका, आणि तेही तुम्हाला त्याची गरज किंवा आवड असेल तर. इथे ब्रँडमधला फरक खरोखर मोठा असतो. जर्मनीच्या गेरोलस्टाइनरमध्ये लिटरला जवळजवळ ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १०८ मॅग्नेशियम आहे, एका मोठ्या माणसाला दिवसाला लागणाऱ्या कॅल्शियमचा तिसरा हिस्सा एका लिटरमध्ये, ज्याला दूध चालत नाही त्याच्यासाठी ही काही कमी गोष्ट नाही. फ्रान्सच्या काँट्रेक्समध्ये सल्फेटच हजाराच्या वर, सवय नसताना दिवसभर तेच प्यायलं तर पोट साफ होईल, जरा जास्तच साफ होईल. फ्रान्सच्याच विशी सेलेस्तांमध्ये सोडियम ११७० च्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसभरात सगळं मिळून सोडियम २००० च्या आत ठेवा, म्हणजे ब्लड प्रेशरवाल्याने हे लिटरभर प्यायलं तर अर्ध्याहून जास्त कोटा पाण्यातच संपला, आणि बाटली मात्र आरोग्यदायी म्हणून मिरवत असते. उलट व्होल्विकसारखं पाणी हलकं, टीडीएस १३० च्या आसपास, चहा-कॉफीला छान, किटलीत थर धरत नाही. लहान बाळाचं दूध बनवायचं असेल तर कमी सोडियम आणि कमी नायट्रेटचं पाणी बघा आणि बाटलीचं असलं तरी उकळून घ्या, बाटलीबंद पाणी म्हणजे जंतुरहित पाणी असं नसतं.

गरज नसेल, घरातलं जेवणखाण नीट असेल, तर ४० टीडीएसवालं पाणी पिऊन काही बिघडत नाही, खनिजं आपल्याला मुख्यतः अन्नातूनच मिळतात. विचारलेल्या दोन बाटल्यांचंही तेच, दोन्ही मानकात बसत असतील तर चव आवडेल ती घ्या, आणि चव सारखीच लागत असेल तर स्वस्त घ्या.

आणि चव खरंच वेगळी लागते का हे एकदा डोळे बांधून बघाच. तीन सारखे ग्लास, दोघांत एक पाणी आणि एकात दुसरं, तापमान सगळ्यांचं सारखं, ओतणारा वेगळा आणि पिणारा वेगळा, आणि पिणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एकदा ओळखलं म्हणून नाचू नका, सात-आठ वेळा करा. तापमान सारखं हे महत्त्वाचं, कारण फ्रीजमधलं कुठलंही पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा चांगलंच लागतं, गारव्यात चव दबते. ४० आणि ३४० मधला फरक बरेच जण ओळखतात. १०० आणि १३० मधला ओळखणारे मी फार पाहिले नाहीत, आणि त्यात स्वतःला जाणकार म्हणवणारेही आले.

अल्कलाइन पाण्याबद्दलही लगेच विचारलं जातं म्हणून सांगतो. पीएच ९ चं पाणी, किंमत दुप्पट-चौपट, म्हणे शरीरातलं आम्ल कमी होतं. हिशेब करा. क्षार फारसे नसलेल्या पीएच ९ च्या एका लिटरमध्ये जितकी अल्कली असते तितकी मारायला पीएच २ चं आम्ल किती लागतं, तर एक मिलिलिटर. पोटातलं आम्ल त्याच आसपासचं असतं. म्हणजे तुमचं ते महागडं लिटरभर पाणी पोटात गेलं की चमच्याच्या पाव भागाइतक्या रसात त्याचा अल्कलाइनपणा संपला. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुफ्फुसं आणि किडनी सांभाळतात, त्यांना बाटलीची मदत लागत नाही. ऑक्सिजन घातलेल्या पाण्याचं तर बोलूच नका, ऑक्सिजन घ्यायला आपल्याला नाक दिलंय.

आता किंमत. तुलना करायची ती फक्त दर लिटरवर, बाटलीवर नाही. दुकानात मुद्दाम ५०० मिली, ७५० मिली, लिटर, सव्वा लिटर अशी मापं असतात की डोक्यात हिशेब होऊ नये, मोबाईल काढा आणि भागाकार करा. एकाच ब्रँडचं तेच पाणी छोट्या बाटलीत लिटरमागे कितीतरी महाग पडतं, कारण झाकण, लेबल, भरणं, खोक्यात घालणं हा खर्च बाटलीमागे असतो, आतल्या पाण्यामागे नाही. पाणी स्वतः या सगळ्यात सगळ्यात स्वस्त वस्तू. त्याच्यापेक्षा बाटली महाग आणि वाहतूक तर विचारूच नका, कारण पाणी जड आहे, लिटरला किलो, ते दाबून कमी करता येत नाही. काचेची लिटरची बाटली रिकामीच अर्धा किलोच्या आसपास भरते, प्लास्टिकची तीसेक ग्रॅम, त्यामुळे काचेतलं पाणी समुद्रापलीकडून आलं की तुम्ही मुख्यतः काच आणि डिझेलचे पैसे देताय. त्यावर दुकानाचा नफा, फ्रीजचं भाडं, जाहिरात. यातला कुठलाच खर्च पाणी सुधारत नाही.

एक युक्ती मात्र कामाची आहे, लेबलवरचा ब्रँड सोडा आणि बारीक अक्षरात भरणाऱ्या प्लांटचा पत्ता, परवाना नंबर आणि स्रोत वाचा. दोन वेगळ्या किमतीच्या बाटल्यांवर बऱ्याचदा एकच पत्ता निघतो, एकच लाईन चालते, दुपारी एका कंपनीचं लेबल लागतं आणि रात्रपाळीला दुसऱ्या दुकानाच्या नावाचं. स्रोत आणि विश्लेषणही तेच असेल तर जास्त देण्याचं कारण उरत नाही. स्रोत म्हणून सार्वजनिक पाणीपुरवठा लिहिलं असेल तर नाक मुरडू नका, २००७ पासून अमेरिकेत अ‍ॅक्वाफिनाच्या बाटलीवर तसं छापायचं पेप्सिकोने मान्य केलं आणि तरी ते खपतंच आहे. फक्त त्याला डोंगराच्या चित्राची किंमत देऊ नका.

प्लास्टिकच्या कणांबद्दल घबराट आहे, ती थोडी समजून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी तीन ब्रँड तपासले, लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण, त्यातले ९० टक्के नॅनो आकाराचे. शरीरात त्याने काय होतं यावर अजून पक्कं काही हाती लागलेलं नाही. पण मला यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली, बाटली ज्या प्लास्टिकची असते त्या पीईटीपेक्षा पॉलिअमाइडचे (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे) कण जास्त निघाले, आणि ते बहुधा फिल्टरमधून आले असावेत असं त्यांचं म्हणणं, आरओचे मेंब्रेन त्याचेच असतात. मग लोक काचेकडे वळले, तर २०२५ मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या अभ्यासात वेगवेगळ्या पेयांच्या काचेच्या बाटल्यांत कण जास्त निघाले, झाकणावरच्या रंगाचे, पाण्यात फरक कमी होता पण होता. म्हणून केवळ या भीतीने महाग काच घेऊ नका, चवीसाठी घ्यायची तर घ्या, काच चव धरून ठेवते हे खरं.

प्लास्टिकची बाटली कुठे ठेवली होती हे मात्र मी किमतीपेक्षा जास्त बघतो. उन्हात तापलेल्या पीईटीमधून अ‍ॅसिटाल्डिहाइड सुटतं, पाण्याला एक गोडसर, जरा पिकल्या फळासारखा वास येतो, आणि बाटलीचं प्लास्टिक बनवताना वापरलेलं अँटिमनी हे धातूसारखं मूलद्रव्य पाण्यात उतरायला लागतं, ६० अंशांच्या वर तर भराभर. बंद गाडीत उन्हात हे तापमान काही अशक्य नाही. दुकानाबाहेर रचलेल्या खोक्यांतली भारी ब्रँडची बाटली घेण्यापेक्षा आत सावलीत ठेवलेली साधी बाटली मी घेईन. वास आला तर घाबरून जायचं कारण नाही, पण ते पाणी झाडांना घाला.

ज्यांना दररोज घ्यायचंय, ऑफिससाठी वगैरे, त्यांनी कंपनीकडे तपासणी अहवाल मागावा आणि तो नुसता फाईलला लावू नये. तारीख बघा, लॅबला आयएसओ १७०२५ ची (तपासणी लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता आहे का बघा, आणि जिथे "आढळले नाही" लिहिलंय तिथे शेजारी मोजण्याची किमान मर्यादा दिलीय का बघा. आर्सेनिक "आढळले नाही" आणि किमान मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, असे कागद मी पाहिलेत. मानक १० चं आहे, मग ५० च्या खालचं दिसतच नसेल तर त्या ओळीला काय अर्थ राहिला. ओझोन वापरणाऱ्या प्लांटचा ब्रोमेटचा आकडा मागाच, तो न देणारा एकतर तपासत नाही किंवा आकडा चांगला नाही. जंतूंमध्ये ई. कोलाय सगळे दाखवतात, तुम्ही स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू विचारा, मिनरल वॉटरसाठी युरोपात २५० मिलीत तो एकही चालत नाही, आणि प्लांटची साफसफाई ढिली असली की पहिल्यांदा बहुतेक हाच सापडतो.

मोठे जार लिटरमागे सगळ्यात स्वस्त पडतात, पण तिथे गुणवत्ता पाण्यापेक्षा जार धुण्यावर ठरते. रिकामा जार उन्हाकडे धरून आत बघा, तळाच्या कडेला हिरवट झाक किंवा बोटाला चिकट लागत असेल तर तो पुरवठादार बदला, आतलं पाणी प्लांटमधून निघताना कितीही चांगलं असो. तळाशी त्रिकोणात ७ असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकचा, त्यातून ते बनवायला वापरलेलं बीपीए हे रसायन उतरू शकतं, युरोपने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीचा नियम केलाय, पीईटीचा मिळत असेल तर तो मागा. आणि डिस्पेन्सर. जार दर आठवड्याला बदलतात आणि डिस्पेन्सरची तोटी आणि आतली टाकी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. आमच्याकडे जारचं पाणी खराब म्हणून नमुने येतात तेव्हा मी दोन मागवतो, एक थेट जारमधून आणि एक तोटीतून, आणि गडबड बऱ्याचदा तोटीच्या नमुन्यातच निघते. महिन्यातून एकदा रिकामा करून क्लोरीनच्या सौम्य द्रावणाने धुवा, तोटी सुटी करून ब्रशने घासा, आणि मग वास जाईपर्यंत पाणी सोडा.